जाकडावर नेलेलं घर

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाणारी निम्मी वाहनं हिवाळ्यात वाघ पाहायला निघालेली असतात. आमची बोलेरोही त्याच रांगेत होती, पण तिच्यामागे एक पांढरंशुभ्र, दोन चाकांचं, नवंकोरं फिरतं घर जोडलेलं होतं. त्यात काय काय चुकीचं बसलं आहे ते शोधत आम्हाला आल्लापल्लीपर्यंत जायचं होतं.

अशी घरं आपल्याकडे अजून फारशी दिसत नाहीत, म्हणून थोडं सांगतो. बाहेरून पाहिलं तर आईस्क्रीमच्या गाडीचा मोठा भाऊ. आत दोघांचा पलंग, त्याखाली कप्पे, एक ओटा, दोन शेगड्यांचा गॅस, छोटं न्हाणीघर आणि छतात हवेसाठी एक झडप. गाडीच्या मागच्या हुकाला अडकवायचं आणि निघायचं. मी अशा ट्रेलरच्या दुकानात अकरा वर्षं तपासनीस आहे. कारखान्यातून आलेला ट्रेलर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्यातली प्रत्येक गोष्ट तपासायची आणि चौसष्ट मुद्द्यांच्या फॉर्मवर सही करायची, हे माझं काम.

या ट्रेलरच्या फॉर्मवर माझी सही होती. मी ती टेबलाशी बसून, चहा पिता पिता केली होती. चौसष्ट चौकटी, चौसष्ट बरोबरच्या खुणा. ट्रेलर तेव्हा माझ्यापासून पन्नास पावलांवर उभा होता आणि मी उठलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ट्रेलर घ्यायला आले होते आल्लापल्लीचे लक्ष्मण मडावी आणि त्यांच्या पत्नी शेवंताबाई. मडावीभाऊंनी छत्तीस वर्षं सागवानाच्या डेपोत लाकडाची प्रत ठरवण्याचं काम केलेलं. बाई सरकारी नर्स होत्या. भामरागडकडच्या उपकेंद्रांत त्यांची तीस वर्षं गेली. दोघंही निवृत्त.

"हे कशाला घेता?" असं मी दुकानात उगाच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मी लोकाच्या गावात लोकाच्या घरी झोपली जी. शाळेच्या वऱ्हांड्यात झोपली, धानाच्या पोत्यावर झोपली. आता लोकाच्या गावात बी आपल्याच घरी झोपतो म्हनलं."

किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा मडावीभाऊंनी हात मागे घेतला. "आमी जाकडावर नेतो."

आमच्या शेठजींना शब्द कळला नाही. मडावीभाऊ शांतपणे सांगू लागले, "आमच्याकडे बैल घेतो तं जाकडावर घेतो. घरी नेतो, नांगराले जुपतो, चार दिवस पाहतो. लंगडला तं परत. बरा निघाला तं मंग आपला."

"अहो, इथंच चेक करून घ्या ना! हवं तेवढं पाहा," शेठ म्हणाले.

"उभा असला तं कोनता बैल लंगडते?" बाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्म उचलला, चष्मा लावला, खालचं नाव वाचलं. "वासुदेव रामटेके. हे कोन?"

"मीच जी."

"मंग तुमी बी चला. ज्यानं सही केली तो सोबत पायजे. जे निघन ते तुमीच लिहा."

शेठनी मला बाजूला घेतलं. "तीन दिवस फिरून ये. जे निघेल त्यापुढे 'खराब रस्त्यामुळे' असं लिहायचं. तुला काय सांगायचं वासुदेव, तुला सवय आहे."

हो, मला सवय होती.

सिंदेवाहीची मोटर

गाडी मडावीभाऊ चालवत होते. नागभीडला पहिला चहा घेतला. तिथे मडावीभाऊंनी एक गोष्ट केली, ती पुढे प्रत्येक थांब्यावर केली. खाली वाकले आणि ट्रेलरच्या एकेका चाकाच्या मधल्या झाकणावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग उठून म्हणाले, "चला." मी टपरीच्या आड उभा राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत होतो. त्या हाताकडे मला पाहवेना. का, ते पुढे येईलच.

सिंदेवाहीच्या अलीकडे रस्त्याला लागून एका शेतात मोटर चालू होती. धान निघून गेलं होतं, बांध्यांमध्ये, धानाच्या त्या खाचरांत, लाखोळी डाळीचा हिरवा थर होता आणि कडेच्या भाजीला पाणी चाललं होतं. बाईंनी गाडी थांबवायला लावली. पाणी देणाऱ्या शेतकरणीशी दोन मिनिटांत ओळख काढली. तिची नणंद बाईंच्या हाताखाली बाळंत झाली होती म्हणे. या दोन जिल्ह्यांत बाईंच्या हाताखाली कोण बाळंत झालं नाही, हाच खरा प्रश्न आहे.

"गाडी धुता का बाई?" शेतकरणीने पाइप ओढत विचारलं.

"नाई माय, घर गळते का पाहतो."

"नवं हाय नं?"

"म्हनूनच. जुनं कुठी गळते ते आपल्याले ठावं असते."

छतावर वीस मिनिटं पाणी सोडलं. मी आत जाऊन प्रत्येक कोपऱ्यावरून बोट फिरवलं. सगळं कोरडं. माझी छाती जरा फुगली. "पाहा बाई, थेंब नाई."

"थांबा जी. पान्याले वाट सापडाले वेळ लागते."

तोवर शेतकरणीने जेवायला बसवलं. भात, आणि वांग्यात घातलेले वाळलेले झिंगे. नागपुरात माझी बायको झिंग्यांच्या वासाने खिडक्या उघडते. मी राजुऱ्याचा, मला तो वास म्हणजे बालपण. दुसऱ्यांदा भात घेतला आणि उठून आत पाहिलं, तर समोरच्या खिडकीवरच्या कपाटात पाणी ठिबकत होतं.

मी लगेच शहाणपणा केला. "समोरच्या खिडकीची फट असन. सीलंट लावून देतो." शेतकरणीचा नवरा बांधावरून हसला. "भाऊ, बांधीचं पानी फुटते एकीकडे आनि निघते दुसरीकडे. खेकड्यानं भोक कुठी केलं ते निघाल्या जागेवर पाहून कसं समजन?"

बाईंनी पिशवीतून जांभळ्या औषधाची बाटली काढली. तोंड आलेल्या पोरांच्या जिभेला लावतात ते. कापसाने त्यांनी समोरच्या खिडकीच्या फटीवर औषध लावलं, पाणी सोडलं, वाट पाहिली. आत पाणी आलं ते स्वच्छ. मग बाजूच्या पट्टीला लावलं. तेही स्वच्छ. तिसऱ्यांदा मडावीभाऊंना छताजवळ चढवलं आणि अगदी मागच्या टोकाच्या झडपेभोवती लावलं. पंधरा मिनिटांनी समोरच्या कपाटात जांभळा थेंब पडला. उतारावर उभ्या असलेल्या ट्रेलरच्या छतातून पाणी आतल्या आत पूर्ण लांबी चालून आलं होतं.

मी तो थेंब पाहत राहिलो. अकरा वर्षांत मी अशी किती गळती चुकीच्या फटीत सीलंट भरून बंद केली असेल? गिऱ्हाईक महिन्याभराने पुन्हा फोन करायचं, तेव्हा आम्ही म्हणायचो, तुम्ही नीट वापरत नाही.

वहीत लिहिलं, 'दोष पहिला. मागची झडप, कारखान्यात नीट बसवलेली नाही.' 'रस्त्यामुळे' लिहिलं नाही. लिहिणार तरी कसं? बाई खांद्यावरून वाचत होत्या.

गडचिरोली, सकाळी

मूल, सावली करत वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला आलो. ती दोघं मुक्कामाला ट्रेलरमध्ये, मी लॉजवर. सकाळी परत आलो तर मडावीभाऊ ट्रेलरच्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"रामटेकेभाऊ, परत चला. हे घर पूर्ण पोकळ हाय."

"पोकळ?"

"इकडून ठोकलं, तिकडून ठोकलं. आतून सडलं. असं लाकूड मी डेपोत आल्या पावली बाजूले काढलं असतं. छत्तीस वर्षांत माह्या कानानं मले धोका देल्ला नाई."

बाई मागे कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मीही एकदा ठोकून पाहिलं. मग लक्षात आलं. मी आतला एक दिवा स्क्रू काढून उतरवला आणि भोकातून त्यांना दाखवलं. दोन पातळ पत्रे आणि मध्ये थर्माकोलसारखा फोम, उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून.

मडावीभाऊंनी बोट घालून फोम दाबला. मग एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या चहावाल्याने वळून पाहिलं. "छत्तीस वर्षं सागवान ठोकलं बापा, थर्माकोल आज पह्यल्यांदा ठोकून राह्यलो!"

"आनि मले सकाळपासून रडवून राह्यला हा मानूस," बाई म्हणाल्या. "चहा नाई भेटन तुमाले आज."

पण ते तिथे थांबले नाहीत, आणि मला हे लिहिताना अभिमान वाटतो तो यासाठीच. चूक कळल्यावर त्यांनी तोच नवा आवाज शिकायला घेतला. दिव्याजवळच्या चांगल्या जागी दहादा ठोकलं, डोळे मिटून ऐकलं, "असं बोलते तं हे," म्हणाले आणि मग हाताहाताच्या अंतराने पूर्ण घर पुन्हा ठोकत गेले. अर्धा तास लागला. मागच्या खिडकीखाली त्यांचा हात थांबला. "इथी वेगळं बोलते."

मला तर काही वेगळं ऐकू आलं नाही. पट्टी काढली. जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत फोमच नव्हता. तिथे कोंबलेले होते कारखान्यातल्या कुणाचे फाटके हातमोजे आणि बिस्किटाचं वेष्टन.

माझे वडील राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत सरदार होते. पाळी सुरू होण्याआधी काठीने छत ठोकत पुढे जायचं आणि आवाज बसका आला तर माणसांना मागे थांबवायचं, हे त्यांचं काम. ते आत जाऊन आल्याशिवाय कोणी छताखाली पाऊल टाकत नसे. त्यांनी कुठे सही केलेली मी पाहिलेली नाही. नुसतं "चला" म्हणायचे आणि तीस-चाळीस माणसं चालू लागायची. मी त्यांचा मुलगा, आणि टेबलावर बसून चौसष्ट खुणा करतो. हातमोजे हातात धरून मी तिथे किती वेळ बसलो कोण जाणे. मडावीभाऊंना वाटलं, मला पट्टी परत बसवता येत नाहीये. ते पाना शोधू लागले.

आष्टीच्या पुढे

चामोर्शीवरून आष्टीला आलो. तिथून पुढे आल्लापल्लीचा रस्ता म्हणजे सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांचा रस्ता. दोन्ही बाजूंना साग, आणि रस्त्याकडेची पानं लाल पुडीने माखलेली. ट्रकमागून ट्रक. खड्डा चुकवला की पुढे दुसरा. आरशात आमचं पांढरं घर गुलाबी होत चाललेलं दिसत होतं.

एका वळणापुढे मडावीभाऊंनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, उजव्या चाकावर हात ठेवला, डाव्यावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. "भाजलं!"

 दोन दिवस मी याच क्षणाला भीत होतो. मी जॅक लावला, चाकाचे नट सोडवायला पाना अडकवला, तर दोन नट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरले. चाक उतरवून मधलं झाकण काढलं. आत बेअरिंगमध्ये ग्रीस जवळजवळ नव्हतं. फॉर्मवर चाकांचे नट घट्ट असणं हा अकरावा मुद्दा आणि बेअरिंगचं ग्रीस बारावा. दोन्हीवर माझी खूण.

"हे रस्त्यामुळं झालं का जी?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

मी हो म्हणू शकलो असतो. रस्ता समोर होता, ट्रक जात होते, कोणीही विश्वास ठेवला असता. मी सागाखालच्या दगडावर बसलो आणि सांगितलं.

"नाई बाई. मी पाह्यलंच नाई. तुमचा ट्रेलर मी उघडून बी पाह्यला नाई, सही केली. आनि हे पह्यल्यांदा नाई." मग ती दुसरी गोष्टही सांगितली, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी अमरावतीकडच्या एका शिक्षकाने आमच्याकडून ट्रेलर नेला. घाटात त्याचं चाक निघालं, ट्रेलर कलंडला आणि त्याने गाडीही ओढली. गाडीत त्यांची दहा वर्षांची मुलगी होती, तिचा हात कोपरात मोडला. ते भांडायला दुकानात आले तेव्हा ती सोबत होती. प्लॅस्टरवर तिने स्केचपेनने फुलं काढली होती. मी तिला चॉकलेट दिलं आणि अहवालात लिहिलं, 'रस्त्यावरील खड्ड्यामुळे'. ती मला "थँक्यू काका" म्हणाली.

मडावीभाऊंनी सुटे नट रुमालात गुंडाळून ठेवले. ट्रक जात राहिले.

"पोरीचा हात सरळ जुळला का?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाई."

"इचारलं नाई?"

"नाई."

"मले सांगून काय होते मंग? मी काय त्या पोरीची माय हाय? तिच्या बापाले सांगा."

माझा हात आपोआप खिशातल्या खर्ऱ्याकडे गेला. बाईंनी पुडी काढून घेतली. "तोंड उघडा."

"अं?"

"उघडा म्हनते नं. कालपासून पाहून राह्यली, तुमी घास तिरपा घालता." त्यांनी माझी बोटं उभी धरून माझ्याच तोंडात घातली. तीन बोटं जायला हवीत, दोनच गेली. मग मोबाईलचा दिवा लावून गालाच्या आत पाहिलं. "गाल कडक होऊन राह्यला. अजून वेळ हाय, पन आज सोडला तं. नागपूरले गेले की पयले डॉक्टरले दाखवा."

"काही होत नाई बाई, वीस वर्षांपासून..."

"तीस वर्षं मी लोकाची तोंडं पाह्यली रामटेकेभाऊ. सारे असंच म्हनत, काही नाई होत बाई. पाह्यल्याशिवाय 'काही नाई' म्हनू नोका. ना तोंडाचं, ना चाकाचं."

पुडी सागाच्या पानांत गेली. मी तिच्याकडे पाहत होतो हे कबूल करतो.

ग्रीस नव्हतं. मडावीभाऊंनी हात दाखवून लोखंडाचा एक ट्रक थांबवला. ड्रायव्हर हिंदीत बोलणारा, लाल धुळीने भुवयाही लाल झालेला. ग्रीसचा डबा देताना तो ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आला. "घर के साथ घूमते हो? मैं तो घर से भागने के लिए ट्रक चलाता हूँ!" मी बेअरिंग पुसलं, ग्रीस भरलं, चाक चढवलं, नट घट्ट केले आणि दुसऱ्या बाजूचंही चाक उघडून तेच केलं. पूर्ण दुपार गेली. त्या अकरा वर्षांत इतक्या नीट केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

उठताना मडावीभाऊ म्हणाले, "लिहलं?" मी वही दाखवली. बेअरिंगच्या पुढे मी लिहिलं होतं, 'कारखान्याची चूक. तपासनिसाची चूक.'

आल्लापल्ली

आल्लापल्लीत ट्रेलर अंगणासमोर लागला आणि गल्लीतली माणसं आत जाऊ लागली. शहरात कोणी नवी गाडी आणली तर शेजारी पेढा खाऊन "छान आहे" म्हणतात. इथे तसं नाही. नवी वस्तू आली की तिच्यात खोट काढणं हा शेजारधर्म. गोड बोलून गेला तो परका.

शेजारच्या सुताराने दाराच्या चौकटीला दोरी लावली आणि दार एका बाजूला बोटभर खाली असल्याचं सांगितलं. एका बाईने ओट्यावर तांदूळ धुतले आणि पाणी नळीकडे न जाता उलट येतं हे दाखवलं. मडावीभाऊंची म्हातारी मावशी पलंगावर लवंडली आणि घटकाभराने म्हणाली, "फळी कुरकुर करते. दोघं झोपले तं गावाले समजन." गल्लीभर हसू. बाईंनी लाजून पदर तोंडाला लावला, तेव्हा कुठे मला समजलं की त्या लाजूही शकतात.

मग शेगडी. बाईंनी गॅस चालू करून काडी ओढायच्या आधी नाक पुढे केलं आणि हात थांबवला. साबणाचा फेस लावला तर ओट्यामागच्या जोडावर बुडबुडा फुगत आला. सिंदेवाहीला आणि गडचिरोलीला त्यांनी स्वयंपाक केला नव्हता, म्हणून आम्ही वाचलो होतो. फॉर्मवर हा चाळिसावा मुद्दा.

एकूण दोष निघाले तेवीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातूनच शेठना फोन लावला.

"काय रे, लिहिलंस ना? रस्त्यामुळे?"

"नाई शेठ. तेवीस दोष आहेत. त्यातले दोन जीव घेणारे. एकही रस्त्याचा नाई. आनि फॉर्मवर सही मी न पाहता केली होती. तुमाले माहीतच आहे."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "फोन स्पीकरवर आहे का?"

"हो शेठ."

"नमस्ते शेठजी," बाई मागून म्हणाल्या. त्यांच्यामागे सगळी गल्ली उभी होती.

शेठ व्यवहारी माणूस आहे. लगेच आवाज बदलला. ट्रेलर परत आणा, पाहिजे तर व्यवहार रद्द करतो, पाहिजे तर दुसरा देतो.

मडावीभाऊंनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "दुसरा द्या. पन तो या मानसानंच तपासला पायजे."

"अहो, पण तो तर स्वतःच सांगतोय की त्यानं खोटी सही..."

"सांगितलं नं त्यानं. न सांगनाऱ्याचा मले काय भरवसा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते सुताराला दिसू नये म्हणून बोलेरोच्या हुकाकडे वाकलो.

परत, आणि पुन्हा

ट्रेलर नागपूरला परत आला. शेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला काढलं मात्र नाही, कारण आल्लापल्लीच्या बाई दर दोन दिवसांनी दुकानात फोन करून "रामटेकेभाऊ हायत नं?" असं विचारत. डॉक्टरला तोंड दाखवलं. खर्रा सुटला आहे, रोज बोटं घालून मोजतो. अमरावतीच्या त्या शिक्षकांना सगळं खरं लिहून पत्र पाठवलं आणि मुलीच्या हाताची चौकशी केली. उत्तर आलेलं नाही. आलं नाही तरी मला तक्रार करता येणार नाही.

कारखान्याने पाठवलेला पुढचा ट्रेलर मी परत केला. त्याच्या छतातून पाणी आलं. जांभळं औषध आता माझ्या टेबलावर असतं, ऑफिसातली पोरं हसतात. त्यानंतरचा मी दोन दिवस घेऊन तपासला. चाकं उतरवली, छतावर पाणी सोडलं आणि तासभर वाट पाहिली, भिंती ठोकल्या, गॅसचा प्रत्येक जोड फेस लावून पाहिला. पलंगावर लवंडूनही पाहिलं, शेठ समोर असताना. मग सही केली.

तो घेऊन मी पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच दोघांसोबत आल्लापल्लीला गेलो. या वेळी बाईंना जाकड नको होता, पण मीच म्हटलं, नेऊन पाहू. मडावीभाऊ सगळ्या वाटेने चाकांवर हात ठेवत आले. घरी पोहोचल्यावर त्यांनी भिंतही ठोकली. "शंका नाई जी," ते म्हणाले. "हा आवाज आता कानाले आवडाले लागला."

गल्ली पुन्हा आत शिरली. बाईंनी त्यांना बाजूला सारून चहाचं आधण ठेवलं. मी घाईने पुढे झालो, "बाई, आधी साबणाचा फेस..."

"तुमी पाह्यलं नं?"

"पाह्यलं."

त्यांनी नाक पुढे केलं नाही. काडी ओढली, शेगडी पेटवली. बाहेर वारा सुटला होता, ज्योत हलू लागली. बाईंनी हात लांब करून माझ्या डोक्यावरची खिडकी ओढून घट्ट लावली आणि दारातल्या शेजारणीला म्हणाल्या, "आत ये माय, दार लावून घे. चहा सगळ्यायचा होते."